शितावरून मोसमाची परीक्षा

सप्टेंबर महिना उजाडला की अमेरिकेत दोन गोष्टींना एकाच वेळी बहर येतो. एक व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलच्या मोसमाला आणि दुसरा त्या मोसमाचे भवितव्य आधीच सांगून मोकळे होणाऱ्या पंडितांच्या वाणीला. रविवारी एखादा संघ हरला की सोमवारी सकाळी त्याचा प्रशिक्षक नालायक ठरतो, जिंकला की द्रष्टा ठरतो. दोन सामने सलग गेले की मालकाने कोणाला काढावे आणि कोणाला आणावे यावर रकानेच्या रकाने भरू लागतात. शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो. ती म्हण खोटी नव्हे. परंतु भांड्यातील सारी शिते एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात, म्हणूनच ती खरी ठरते. फुटबॉलच्या मोसमाला ही अट लागू नाही. तेथे दर आठवड्याला प्रतिस्पर्धी निराळा, मैदान निराळे, हवा निराळी आणि जायबंदी खेळाडूंची यादीही निराळी असते. असे असताना पहिल्या एकदोन शितांवरून साऱ्या भाताचा निवाडा करण्याची ही घाई कितपत न्याय्य आहे, हा प्रश्न केवळ खेळाच्या रसिकांपुरता नाही.

हा खेळ आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याहून सर्वस्वी वेगळा आहे. अकरा-अकरा खेळाडूंचे दोन संघ शंभर यार्डांच्या मैदानावर समोरासमोर उभे ठाकतात. चेंडू ज्याच्या ताब्यात असेल त्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. तेवढी मजल मारली की पुन्हा चार प्रयत्न. चढाईची सूत्रे ज्याच्या हाती असतात त्या खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात, आणि संघाचे भाग्य बव्हंशी त्याच्याशी निगडित असते. राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये ३२ संघ आहेत, आणि २०२१ पासून प्रत्येक संघ नियमित मोसमात १७ सामने खेळतो. त्याच देशात बेसबॉलचा संघ १६२ आणि बास्केटबॉलचा संघ ८२ सामने खेळतो. म्हणजे बेसबॉलमधील सुमारे साडेनऊ सामन्यांचे वजन फुटबॉलच्या एकेका सामन्याला आहे. पहिल्या आठवड्यातील पराभवाने अमेरिकन माणूस एवढा का बिथरतो, याचा उलगडा या हिशेबातून होतो. घाईला कारण आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. प्रश्न आहे तो त्या घाईतून निघणाऱ्या निष्कर्षांचा.

किंमत आणि पुरावा

पहिले दोन्ही सामने गमावणाऱ्या संघांपैकी बहुतेकांना बाद फेरीचे तोंडही दिसत नाही. पहिला सुपर बोल सामना जानेवारी १९६७ मध्ये झाला. तेव्हापासून २०२४ च्या मोसमापर्यंत असे दोन्ही सामने हरूनही विजेतेपद मिळवणारे संघ केवळ तीन निघाले : १९९३ मधील डॅलस काउबॉइज, २००१ मधील न्यू इंग्लंड पेट्रियट्स आणि २००७ मधील न्यू यॉर्क जायंट्स. म्हणजे आरंभीच्या पराभवाला काहीच अर्थ नसतो, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. गेलेला सामना गेलेलाच असतो. गुणतक्ता तो विसरत नाही.

तथापि पराभवाची किंमत मोजावी लागणे ही एक गोष्ट आणि पराभव हा नालायकीचा पुरावा ठरणे ही दुसरी गोष्ट आहे. सारा घोटाळा होतो तो या दोहोंची गल्लत केल्यामुळे. २००७ मध्ये न्यू यॉर्क जायंट्सने पहिल्या दोन सामन्यांत मिळून प्रतिपक्षाला ८० गुण बहाल केले होते. अशा संघाची बचावफळी मोडीत काढावी असे कोणालाही वाटले असते. परंतु प्रशिक्षक टॉम कॉफलिन यांनी ती मोडीत काढली नाही, आणि फेब्रुवारी २००८ मध्ये त्याच संघाने, तोवरचे १८ च्या १८ सामने जिंकलेल्या पेट्रियट्सला अंतिम सामन्यात केवळ १४ गुणांवर रोखून १७–१४ असे हरवले. उलट २०१२ मध्ये ॲरिझोना कार्डिनल्सने पहिले चारही सामने जिंकले. त्यांत न्यू इंग्लंडच्या मैदानावर जाऊन मिळवलेला विजयही होता. पुढे हाच संघ ओळीने नऊ सामने हरला, ५ विजय आणि ११ पराभव अशा अवस्थेत मोसम संपवता झाला आणि प्रशिक्षकाला घरी जावे लागले. २००९ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजने तर पहिले सहा सामने जिंकले होते. अखेरचा हिशेब होता ८ विजय आणि ८ पराभव. आरंभशूरांची ही परंपरा पाहिली म्हणजे पहिल्या महिन्यातील जयजयकारही तेथील धिक्काराइतकाच पोकळ असू शकतो, हे ध्यानात येते.

मग आरंभीच्या निकालाला केव्हा कान द्यावा? याचे उत्तर १९९३ च्या डॅलसने दिले आहे. आदल्या मोसमात विजेता ठरलेल्या या संघाचा धावपटू एमिट स्मिथ याने १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोन वर्षे लीगमध्ये सर्वाधिक यार्डांची धाव घेतली होती. त्याचा करार संपला. आपल्या कामगिरीला साजेसा मोबदला मिळावा असे त्याचे म्हणणे होते. मालक जेरी जोन्स यांना ते मान्य नव्हते. तो घरी बसला आणि संघ त्याच्याविना मैदानात उतरला. पहिला सामना वॉशिंग्टनकडून ३५–१६ असा, दुसरा स्वतःच्या मैदानावर बफेलोकडून १३–१० असा गेला. त्यानंतर चारच दिवसांत मालकांनी चार वर्षांसाठी १ कोटी ३६ लाख डॉलरच्या करारावर सही केली. स्मिथ परतला, संघाने १२ विजय मिळवले आणि अंतिम सामन्यात त्याच बफेलोला ३०–१३ असे हरवले. येथे दोन पराभवांवरून घेतलेला निर्णय योग्य ठरला, कारण त्या पराभवांनी काही नवे सांगितले नव्हते. सर्वोत्तम धावपटूवाचून संघ लंगडा होईल, हे आधीच स्पष्ट दिसत होते. निकालाने त्यावर केवळ शिक्कामोर्तब केले. ज्या निकालामागचे कारण आधीच ठाऊक असते, त्याला पहिल्या आठवड्यातही मान द्यावा. ज्याचे कारण आपण निकाल लागल्यावर शोधू लागतो, त्याबाबत सबुरी धरावी.

निर्णय आणि निकाल

दुसरी गल्लत याहून सूक्ष्म आहे. निर्णय चांगला की वाईट हे आपण त्याच्या फळावरून ठरवतो. १२ सप्टेंबर २०२२ रोजी सिॲटलच्या मैदानावर घडलेला प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. डेन्व्हरचे नवे प्रशिक्षक नॅथॅनियल हॅकेट यांचा तो पहिलाच सामना. संघाने रसेल विल्सन या नामांकित क्वार्टरबॅकला त्याच वर्षी सिॲटलकडूनच घेतले होते आणि त्याच्याशी पाच वर्षांसाठी २४ कोटी ५० लाख डॉलरचा नवा करारही केला होता. डेन्व्हर एका गुणाने मागे होता. चौथा प्रयत्न, पाच यार्डांची गरज, आणि घड्याळात जेमतेम एक मिनिट. अशा वेळी प्रशिक्षकांनी हाती टाइम-आउट शिल्लक असताना बहुमोल सेकंद वाहू दिले आणि मग विल्सनच्या हातून चेंडू काढून घेऊन ब्रँडन मॅकमॅनसला ६४ यार्डांवरून लाथ मारण्यास पाठवले. तोवर लीगच्या साऱ्या इतिहासात एवढ्या अंतरावरून सफल झालेल्या लाथा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही नव्हत्या. त्या वेळचा विक्रम ६६ यार्डांचा होता. चेंडू खांबांच्या डावीकडून गेला आणि सामना १७–१६ असा सिॲटलने जिंकला.

दुसऱ्या दिवशी हॅकेट यांनी स्वतःच कबूल केले की तेथे चौथा प्रयत्न खेळायला हवा होता. परंतु समजा, चेंडू वाऱ्यावर वाहत जाऊन खांबांमधून गेला असता, तर? हीच वृत्तपत्रे दुसऱ्या दिवशी त्यांच्या धाडसाचे पोवाडे गात बसली असती, आणि निर्णय मात्र होता तेवढाच चुकीचा राहिला असता. फळ मिळाल्याने चुकीचा निर्णय बरोबर होत नाही, आणि फळ न मिळाल्याने बरोबर निर्णय चुकीचा ठरत नाही. निर्णयाची पारख, तो घेताना जे ठाऊक होते त्याच्याच आधारे झाली पाहिजे. पुढे जे कळले ते निर्णय घेणाऱ्याच्या माथी मारणे म्हणजे उत्तरपत्रिका लिहून झाल्यावर प्रश्नपत्रिका बदलण्यासारखे आहे.

फळावरून निवाडा करण्याच्या या सवयीचा परिणाम केवळ टीकाकारांपुरता राहत नाही. तो निर्णय घेणाऱ्यांच्या मनात शिरतो. बर्कली येथील अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लीगच्या १९९८ ते २००० या तीन मोसमांतील सामन्यांचा हिशेब मांडला. चौथ्या प्रयत्नाला चेंडू लाथेने सोडून देण्याऐवजी खेळून पाहणे ज्या प्रसंगी फायद्याचे असते, अशा कित्येक प्रसंगीही प्रशिक्षक लाथच मारायला लावतात, असे त्यांना आढळले. यामागील एक मानवी कारण आपल्या परिचयाचे आहे. रूढ मार्गाने जाऊन हरलेल्या माणसाला कोणी जाब विचारत नाही. वेगळ्या मार्गाने जाऊन हरला तर मात्र त्याची धडगत नसते. सरकारी कचेरीत कागदावर स्वतःची टिप्पणी लिहिण्याऐवजी तो ‘पूर्वीच्या प्रथेप्रमाणे’ पुढे सरकवणारा कारकून आणि चौथ्या प्रयत्नाला मुकाट्याने चेंडू सोडून देणारा प्रशिक्षक हे सख्खे भाऊच होत. दोघेही भित्रे नसतात. निकालावरून शिक्षा ठरवणाऱ्या व्यवस्थेने त्यांना शहाणे केलेले असते. गेल्या काही वर्षांत लीगमधील संघ चौथा प्रयत्न पूर्वीपेक्षा पुष्कळच अधिक वेळा खेळू लागले आहेत, याचे श्रेय जितके गणिताला आहे तितकेच हिशेब समजून घेऊन प्रशिक्षकाच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या व्यवस्थापकांनाही आहे.

सबुरी म्हणजे स्वस्थता नव्हे

येथे कोणी विचारील की, मग मोसम संपेपर्यंत हातावर हात ठेवून बसावे काय? तसे आमचे म्हणणे नाही. २००१ चे उदाहरण पाहावे. पेट्रियट्सने ड्रू ब्लेडसो या क्वार्टरबॅकशी त्याच वर्षी दहा वर्षांसाठी १० कोटी ३० लाख डॉलरचा करार केला होता. २३ सप्टेंबरला जेट्सविरुद्धच्या सामन्यात एका भीषण टकरीत त्याच्या छातीत अंतर्गत रक्तस्राव झाला. त्याच्या जागी आलेला टॉम ब्रेडी हा आदल्या वर्षीच्या नवोदितांच्या निवडीत १९९ व्या क्रमांकावर उचललेला, जवळजवळ अनोळखी तरुण. संघ दोन्ही सामने हरलेला. ही बदली प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी केली नव्हती. ती दैवाने केली होती. त्यांचा खरा निर्णय नोव्हेंबरमधला. ब्लेडसो बरा होऊन परतला, संघाची स्थिती पाच विजय आणि पाच पराभव अशी होती, आणि महागड्या, मान्यवर खेळाडूला बाजूला ठेवून त्यांनी ब्रेडीलाच कायम केले. हा निर्णय दोन रविवारांच्या निकालावर नव्हे, तर दोन महिन्यांच्या निरीक्षणावर आधारलेला होता. पुढे संघ एकही सामना हरला नाही आणि अंतिम सामन्यात सेंट लुईस रॅम्सला त्याने २०–१७ असे नमवले. सबुरी म्हणजे निर्णय टाळणे नव्हे. निर्णयाला लागेल तेवढा पुरावा गोळा होऊ देणे. आणि हेही विसरता कामा नये की, उपांत्य सामन्यात ब्रेडी जायबंदी झाला तेव्हा मैदानात उतरून संघाला पार नेले ते बाजूला सारलेल्या ब्लेडसोनेच.

याउलट २०२४ मध्ये न्यू यॉर्क जेट्सच्या मालकांनी प्रशिक्षक रॉबर्ट सालेह यांना केवळ पाच सामन्यांनंतर काढून टाकले. तेव्हा संघाचे दोन विजय आणि तीन पराभव होते. उरलेल्या बारा सामन्यांत त्याला फक्त तीन विजय मिळाले. त्याच सप्टेंबरात कॅरोलिना पँथर्सने, आदल्या वर्षी सर्वप्रथम निवडलेल्या ब्राइस यंग या तरुण क्वार्टरबॅकला दोन सामन्यांनंतर बाकावर बसवले. त्याच्या जागी आलेल्या अनुभवी अँडी डाल्टनने पहिलाच सामना ३६–२२ असा जिंकला आणि निर्णय योग्य ठरल्याची द्वाही फिरली. पुढचे सामने हरल्यावर ती विरली. ऑक्टोबरमध्ये मोटार अपघातात डाल्टनचा अंगठा दुखावला, यंगला परत बोलावणे भाग पडले, आणि मोसमाच्या अखेरीस तोच तरुण आत्मविश्वासाने खेळताना दिसला. बाकावर बसल्याने तो सुधारला की मुळात त्याला बसवायलाच नको होते? या प्रश्नाचे उत्तर आजही कोणी छातीठोकपणे देऊ शकणार नाही. परंतु ज्यांनी ते पहिल्याच आठवड्यात छातीठोकपणे दिले, त्यांचा निवाडा तीनदा बदलला एवढे मात्र खरे.

काही निर्णयांचा हिशेब तर वर्षानुवर्षे मिटत नाही. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस, मोसम आठवड्यावर आला असताना, डॅलसने मायका पार्सन्स हा आपला नाणावलेला बचावपटू ग्रीन बे पॅकर्सला दिला आणि मोबदल्यात एक अनुभवी खेळाडू व २०२६ आणि २०२७ या वर्षांच्या पहिल्या फेरीतील निवडीचे हक्क घेतले. सौद्याचा अर्धा मोबदला अजून महाविद्यालयांच्या मैदानांवर खेळत होता. तरीही पहिल्या तीन आठवड्यांत कोण फसले आणि कोणी फसवले यावर रणे माजली. महिन्याभराने हे दोन संघ समोरासमोर आले. सामना ४०–४० असा बरोबरीत सुटला.

न विचारलेला प्रश्न

निकालाच्या या पूजेतून होणारी सर्वांत मोठी हानी मात्र गुणतक्त्यात दिसत नाही. २००३ च्या सप्टेंबरात पेट्रियट्सने लॉयर मिलॉय या बचावपटूला पगार कमी करून घेण्यास सांगितले. तो राजी झाला नाही. पहिल्या सामन्याला अवघे पाच दिवस उरले असताना त्याला मोकळे करण्यात आले. सात मोसम त्याने या संघासाठी अंगावर टकरी झेलल्या होत्या. तो संघाचा एक कर्णधारही होता. बफेलोने त्याला तत्काळ घेतले, आणि पहिल्याच सामन्यात बफेलोने पेट्रियट्सचा ३१–० असा फडशा पाडला. बेलिचिक यांनी संघाचे मन गमावले, असा गिल्ला झाला. मोसमाच्या शेवटच्या सामन्यात पेट्रियट्सने बफेलोला नेमके ३१–० असेच हरवले, आणि फेब्रुवारीत विजेतेपद पटकावले. झाले! सप्टेंबरचे गुन्हेगार फेब्रुवारीत महापुरुष ठरले.

या दोन्ही निवाड्यांच्या गदारोळात एक प्रश्न विचारायचा राहूनच गेला. सात वर्षे इमानाने राबलेल्या माणसाला, पाच दिवस आधी, अशा रीतीने काढणे योग्य होते काय? ३१–० या आकड्याने, तो कोणाच्याही बाजूने लागो, या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. संघ पहिला सामना हरला म्हणून ती कृती अन्याय्य ठरली नाही आणि संघ विजेता झाला म्हणून ती न्याय्यही ठरली नाही.

हा प्रश्न एका मिलॉयचा नाही. ऑगस्टच्या अखेरीस प्रत्येक संघ आपली यादी नव्वदांवरून त्रेपन्नांवर आणतो. बत्तीस संघ मिळून हजारांहून अधिक तरुणांचे स्वप्न एका आठवड्यात लांबणीवर पडते किंवा कायमचे मिटते. काहींना सराव-संघात जागा मिळते, बाकीचे घरची वाट धरतात. चार किंवा अधिक वर्षे खेळलेला खेळाडू पहिल्या सामन्याच्या वेळी यादीत असला, तर त्या वर्षाच्या उरलेल्या पगारावर त्याला सर्वसाधारणपणे हक्क सांगता येतो. साहजिकच वयस्क, महागड्या खेळाडूंवरील कुऱ्हाड पहिल्या सामन्याच्या आधीच कोसळते. मालकाचे धन आणि आसन दोन्ही सुरक्षित असतात. घाईच्या निर्णयाचे मोल चुकवतो तो खेळाडू, ज्याची उमेदीची वर्षे मुळातच थोडी असतात. सोमवारच्या पानांवर मात्र चर्चा चालते ती कोण जिंकले आणि कोण हरले याचीच.

ज्या समाजात निकाल हाच एकमेव न्यायाधीश होतो, तेथे माणसे दोन गोष्टी शिकतात : जोखीम घ्यायची नाही, आणि जिंकल्यावर कोणी काही विचारत नाही. पहिली गोष्ट संस्थांना निर्जीव करते, दुसरी निर्लज्ज करते. पहिल्या घटक चाचणीवरून विद्यार्थ्याला ‘ढ’ ठरवणारी शाळा आणि निकालाची टक्केवारी वाढली म्हणून वर्गात काय चालते हे न पाहणारी शाळा या दोन्ही आपल्याला अपरिचित नाहीत.

म्हणून पुढल्या सप्टेंबरात एखादा संघ पहिल्याच सामन्यात भुईसपाट झाल्याचे वाचनात आले, तर तीन प्रश्न विचारावेत. या पराभवाचे कारण आधीच दिसत होते काय? निर्णय घेताना जे ठाऊक होते, त्याला धरून तो शहाणपणाचा होता काय? आणि ज्याच्यावर तो लादला गेला, त्याला माणूस म्हणून वागवले गेले काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मोसम पुढे सरकेल तसतशी मिळत जातील. तिसऱ्याचे उत्तर पहिल्या दिवशीच मिळू शकते. त्यासाठी एकाही सामन्याचा निकाल पाहण्याची गरज नाही.